मत्स्यालयातील दिवा वनस्पती पाहून निवडावा

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

घरगुती मत्स्यालयात प्लास्टिकच्या झाडांऐवजी जिवंत पाणवनस्पती लावण्याची आवड आपल्याकडे वाढत आहे आणि ती मनापासून स्वागत करण्याजोगी आहे. परंतु हौसेने मांडलेल्या या टाक्यांपैकी पुष्कळशा काही महिन्यांतच शेवाळाने भरून जातात, पाने तपकिरी पडतात, आणि ‘हे आपल्याला जमण्यासारखे नाही’ असे म्हणून घरातली मंडळी टाकी रिकामी करून माळ्यावर टाकतात. मी गेली अनेक वर्षे अशा टाक्या सांभाळतो आणि ओळखीपाळखीच्या घरांतील बिघडलेल्या टाक्या पाहायलाही जातो. माझ्या अनुभवात या अपयशाचे सर्वांत मोठे कारण दिवा हे असते. तो कमी पडला असे क्वचितच घडते. बहुतेक ठिकाणी तो गरजेपेक्षा प्रखर असतो आणि गरजेपेक्षा जास्त तास चालू ठेवलेला असतो. टाकी, मासे, खडी, फिल्टर या सगळ्यांविषयी चौकशी करणारे ग्राहक दिवा मात्र दुकानदार देईल तो घेतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाजारातील दिव्यांच्या खोक्यांवर साधारणपणे तीन आकडे छापलेले असतात. पहिला वॅटचा. तो दिवा वीज किती खातो एवढेच सांगतो, प्रकाश किती देतो हे सांगत नाही. जाड ट्यूबच्या काळात ‘लिटरमागे अर्धा वॅट’ असा एक ठोकताळा हौशी लोकांत रूढ होता. त्या वेळी सगळ्या ट्यूब जवळपास सारख्याच कार्यक्षमतेच्या असल्यामुळे तो चालूनही जाई. एलईडीच्या बाबतीत तो निरुपयोगी आहे, कारण वीस वॅटचे दोन एलईडी दिवे शेजारी ठेवले तर एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतो. दुसरा आकडा ल्युमेनचा. ल्युमेन हे मोजमाप माणसाच्या डोळ्याला बेतलेले आहे; आपल्या डोळ्याला सर्वांत तेजस्वी वाटतो तो ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवट-पिवळा प्रकाश, आणि त्यालाच या मोजणीत सर्वाधिक वजन मिळते. हरितद्रव्य ज्या निळ्या आणि लाल प्रकाशावर मुख्यतः काम करते, त्याला ल्युमेनमध्ये फारसे स्थान नाही. तिसरा आकडा केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या रंगाची छटा पिवळसर आहे की निळसर, हे सांगणारा. साडेसहा हजार केल्विनच्या आसपासचा प्रकाश दिवसाच्या उजेडासारखा दिसतो आणि त्यात वनस्पती व मासे दोन्ही नैसर्गिक दिसतात, म्हणून तो निवडावा हे ठीकच. पण तेवढ्यावरून झाड वाढेल की नाही हे कळत नाही.

वनस्पतीसाठी उपयोगाचा आकडा ‘पार’ या नावाने ओळखला जातो. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशकण दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती पडतात, ते तो मायक्रोमोल या कणसंख्येच्या एककात सांगतो. भर दुपारच्या उघड्या उन्हात हा आकडा दोन हजारांच्या घरात जातो. टाकीच्या तळाशी मात्र पंधरा ते तीस एवढ्यावर अॅन्युबियस, जावा फर्न, मॉस आणि बहुतेक क्रिप्टोकोरिन सुखाने राहतात. तीस ते पन्नासमध्ये व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला आणि रोटालाच्या सोप्या जाती चांगल्या वाढतात. आणि पन्नासच्या पुढे गेले की पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडल्याशिवाय आणि खताचे नियमित माप ठेवल्याशिवाय टाकी सावरणे कठीण होते. या सीमारेषा काटेकोर नाहीत, परंतु दिवा निवडताना निर्णय याच आकड्यावर झाला पाहिजे. दुर्दैवाने आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्वस्त दिव्यांच्या खोक्यावर हाच एक आकडा सापडत नाही. ‘सुपर ब्राइट’, ‘सोळा रंग’, ‘रिमोटसह’ हे शब्द मात्र ठळक असतात.

प्रकाश वाढवला की झाड वाढते, ही समजूत अर्धीच खरी का आहे, हे शाळेत आपण सर्वांनी पाहिलेल्या एका प्रयोगात दडलेले आहे. चंचुपात्रात हायड्रिलाच्या डहाळ्या, त्यांवर उपडे नरसाळे, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि उन्हात ठेवल्यावर देठाच्या कापलेल्या टोकातून एकामागून एक सुटणारे ऑक्सिजनचे बुडबुडे. उन्हाऐवजी दिवा वापरून तो हळूहळू जवळ आणत गेले, तर बुडबुड्यांचा वेग आधी वाढतो. पण एका अंतरानंतर दिवा कितीही जवळ आणला तरी वेग वाढेनासा होतो. त्या वेळी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की बुडबुडे पुन्हा जोरात सुटू लागतात, कारण आता अडलेले होते ते प्रकाशावाचून नव्हे तर कार्बनवाचून. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडलेला मर्यादाकारक घटकाचा नियम हाच आहे: जो घटक सर्वांत अपुरा, तोच वेग ठरवतो. (हा सोडा प्रयोगाच्या चंचुपात्रापुरताच, माशांच्या टाकीत तो टाकू नये.)

घरच्या टाकीत हा अपुरा घटक जवळजवळ नेहमी कार्बन डायऑक्साइड असतो. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या थोडा वर असतो, आणि पाण्यातून त्याचे पसरणे हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. म्हणजे पानाने जवळचा साठा संपवला की नवा कार्बन तेथे पोचायला वेळ लागतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावून हे प्रमाण वीस ते तीस मिलिग्रॅमपर्यंत नेले जाते, तेव्हा प्रखर दिव्याचा खरा उपयोग होतो. सिलिंडर नसलेल्या टाकीवर प्रखर दिवा लावणे म्हणजे भांड्यात डाळ-तांदूळ न घालता आच वाढवत राहण्यासारखे आहे. झाड त्या प्रकाशाचा उपयोग करू शकत नाही, आणि उरलेला प्रकाश शेवाळाच्या पथ्यावर पडतो.

याचा परिणाम कसा दिसतो, हे अॅन्युबियसचे एखादे पान जवळून पाहिले की लक्षात येते. जाड, गुळगुळीत, गर्द हिरवे असे हे पान. झाड महिन्याला एखाद-दुसरेच नवे पान काढते आणि जुने पान वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तसेच टिकते. दिवा थेट डोक्यावर आणि प्रखर असला, की या पानावर आधी टाचणीच्या डोक्याएवढे गर्द हिरवे ठिपके उमटतात. बोट फिरवून ते जात नाहीत, नखाने खरवडावे लागतात आणि तोवर पानाची तुकतुकी गेलेली असते. पुढे पानाच्या कडेने काळपट, राखाडी झाक असलेले केसाळ शेवाळ धरते. ते खरवडूनही सहसा सुटत नाही, शेवटी बहुधा पानच कापावे लागते. झपाट्याने वाढणारे झाड नवी पाने काढून शेवाळाच्या पुढे निघून जाते. संथ वाढणाऱ्या झाडाला तो मार्ग नाही. म्हणून संथ झाडांच्या टाकीला मंद दिवा, ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगत असतो, आणि तीच ऐकायला लोक सहसा तयार नसतात, कारण डोळ्याला प्रखर टाकी अधिक ‘फ्रेश’ वाटते.

प्रकाश खरोखर कमी पडत असेल तर त्याची खूण वेगळी असते. रोटाला किंवा लुडविगियासारख्या खोडाच्या वनस्पतीत दोन पेरांमधले अंतर वाढत जाते, खोड काडीसारखे बारीक होऊन पृष्ठभागाकडे धाव घेते, खालची पाने गळून नुसता देठ उरतो आणि शेंड्याशी मात्र पाने टवटवीत असतात. पेरे आखूड आणि पाने दाट असतील तर दिवा पुरेसा आहे असे खुशाल समजावे. नवी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसत असतील तर प्रश्न बहुधा लोहाचा असतो. तेथे दिवा बदलून काही होणार नाही.

आणखी एका गैरसमजाने पुष्कळ चांगले दिवे विनाकारण बदलले जातात, त्याची थोडी सविस्तर नोंद करतो. मत्स्यालयात लावल्या जाणाऱ्या बऱ्याच वनस्पती मूळच्या दलदलीच्या किंवा ओढ्याकाठच्या आहेत; पावसाळ्यात पाण्याखाली आणि एरवी पाण्याबाहेर असे त्यांचे दुहेरी जीवन असते. रोपवाटिकांत त्या बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवल्या जातात, कारण तेथे त्या लवकर वाढतात. अशी वनस्पती घरी आणून पाण्यात बुडवली की हवेसाठी घडलेली तिची जुनी पाने दोन-तीन आठवड्यांत पारदर्शक होऊन कुजतात आणि मुळाजवळून पाण्यासाठी घडलेली, वेगळ्या आकाराची व पातळ पाने येऊ लागतात. क्रिप्टोकोरिनमध्ये तर एका रात्रीत सगळी पाने विरघळल्यासारखी दिसतात. अशा वेळी घाबरून अधिक प्रखर दिवा आणणे किंवा तास वाढवणे हा सर्वांत चुकीचा उपाय ठरतो, कारण नेमक्या त्याच काळात झाड सर्वांत कमी प्रकाश वापरत असते आणि कुजणारी पाने शेवाळाला खत पुरवत असतात. कुजलेली पाने काढावीत, दिवा सहा तासांवर आणावा आणि कंदाला हात न लावता वाट पाहावी. क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस ही जात तर आपल्या कोकणातील ओढ्यांच्या आणि भातखाचरांच्या परिसरात आपणहून वाढणारी आहे. पाण्याची चढउतार सोसण्याची सवय तिच्या अंगातच आहे.

लाल वनस्पतींचा मोह मी समजू शकतो. दक्षिण भारतातील रोटाला मॅक्रॅन्ड्रा चांगल्या प्रकाशात जो तांबडा-गुलाबी रंग धरते, तो पाहून कोणाचीही नजर खिळेल. परंतु तो रंग येण्यासाठी प्रखर प्रकाश, सिलिंडर, मऊ (कमी क्षारांचे) पाणी, लोह आणि दर आठवड्याची छाटणी एवढे सगळे एकत्र लागते. लाल-निळे एलईडी असलेला गुलाबी दिवा लावला की झाड लाल दिसू लागते, पण तो दिव्याचा रंग असतो, झाडाचा नसतो. शिवाय त्या प्रकाशात हिरवी पाने काळवंडलेली आणि मासे विचित्र रंगाचे दिसतात. हिरवा प्रकाश वनस्पतींना लागतच नाही हे विक्रेत्यांचे म्हणणेही बरोबर नाही. तो पानाच्या आतल्या थरांपर्यंत पोचतो आणि वापरला जातो. चांगला पांढरा एलईडी, म्हणजे निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा (निळ्या प्रकाशाचे इतर रंगांत रूपांतर करणाऱ्या द्रव्याचा) लेप असलेला, बहुतेक घरगुती टाक्यांना पुरेसा होतो. तसेच प्रखर प्रकाशात भराभर वाढणाऱ्या झाडांची छाटणी नाल्यात किंवा तळ्यात टाकू नये. आज आपल्या नद्या झाकून टाकणारी जलपर्णीही या देशात शोभेची वनस्पती म्हणूनच आली होती.

दिवा निवडताना टाकीची लांबी सगळे पाहतात, उंची फारसे कोणी पाहत नाही. तीस सेंटीमीटर उंचीच्या टाकीत जो दिवा तळाला भरपूर वाटतो, तोच पंचेचाळीस किंवा साठ सेंटीमीटर उंचीच्या टाकीत निम्मादेखील उरत नाही. पाणी लाल प्रकाश शोषते म्हणून असे होते, असे सांगितले जाते. अर्ध्या मीटरच्या खोलीत ते शोषण थोडेच असते, मुख्य कारण प्रकाश पसरत जातो हे आहे. म्हणूनच मध्यभागी एकच तेजस्वी पट्टी असलेल्या दिव्याखाली मधली झाडे भाजल्यासारखी होतात आणि पुढच्या काचेलगतची अंधारात राहतात. रुंद टाकीला एक प्रखर दिवा लावण्यापेक्षा दोन मंद दिवे अंतर ठेवून लावणे केव्हाही चांगले. ज्या दिव्याची तीव्रता कमी-जास्त करता येते तो थोडे अधिक पैसे पडले तरी घ्यावा. ती सोय नसेल तर दिवा काही इंच वर टांगूनही प्रकाश कमी करता येतो, किंवा पृष्ठभागावर तरंगत्या वनस्पतींची सावली करता येते.

पार मोजण्याचे उपकरण महाग असते आणि एका टाकीसाठी ते विकत घेणे परवडत नाही. त्याऐवजी मोबाइलमधील लक्समापक (डोळ्याला जाणवणारा उजेड मोजणाऱ्या) अॅपने अंदाज घेता येतो. टाकीत पाणी भरण्यापूर्वी दिवा जागेवर बसवून मोबाइल तळाशी, पडदा वर करून ठेवावा आणि मध्यभाग, चार कोपरे व पुढची काच येथील आकडे लिहून घ्यावेत. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत लक्सच्या आकड्याला सुमारे सत्तरने भागले की पारचा ढोबळ आकडा मिळतो. म्हणजे एकवीसशे लक्स म्हणजे साधारण तीस. मोबाइलचा संवेदक काटेकोर नसल्यामुळे हे माप अदमासाचेच राहते, तरी कोपरा आणि मध्य यांतला फरक त्यातून स्वच्छ कळतो. रंगीत किंवा गुलाबी दिव्यांना हा हिशेब लागू होत नाही.

आता तासांविषयी. आपल्या अक्षांशांवर दिवस हिवाळ्यात अकरा तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, म्हणून टाकीचा दिवाही बारा तास चालावा असे अनेकांना वाटते. पण जंगलातल्या ओढ्यावर झाडोऱ्यातून थेट ऊन येते ते मधले काही तासच. टाकीवरचा दिवा मात्र लागल्या क्षणापासून विझेपर्यंत एकाच जोराने चालतो. नव्या टाकीला पहिले काही आठवडे पाच ते सहा तास आणि झाडे रुजल्यावर सात ते आठ तास पुरतात. संध्याकाळी घरी आल्यावर टाकी पाहायची असेल तर दिवा दुपारी उशिरा सुरू व्हावा असे वेळापत्रक लावावे. वेळ कोणती हे झाडाला महत्त्वाचे नाही, ती रोज तीच असणे महत्त्वाचे आहे. सिलिंडर असल्यास तो दिव्याच्या तासभर आधी सुरू होऊन तासभर आधी बंद व्हावा.

हे सगळे हाताने बटण दाबून जमत नाही, टायमर लागतोच. चकतीवर खुंट्या असलेला साधा टायमर स्वस्त आणि टिकाऊ असतो, परंतु वीज गेली की त्याची चकती थांबते. जेथे भारनियमन आहे अशा गावांत तो रोज अर्धा-पाऊण तास मागे पडत जातो आणि काही दिवसांनी दिवा मध्यरात्री लागलेला आढळतो. अशा ठिकाणी आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. वीज गेली तरी त्याचे घड्याळ चालू राहते. रात्री माशांना पूर्ण अंधार मिळाला पाहिजे. त्यांना पापण्या नसतात, डोळे मिटून घेण्याची सोय नसते. रिमोटवरच्या दिव्यांचा निळा ‘मूनलाइट’ रात्रभर लावून ठेवणे हे सजावटीसाठी त्यांची विश्रांती मोडण्यासारखे आहे. अंधाऱ्या खोलीत टाकीचा दिवा एकदम लागला की मासे दचकून काचेवर आपटतात, हेही अनेकांनी पाहिले असेल. खोलीतला दिवा आधी लावावा, किंवा हळूहळू प्रखर होणारा दिवा घ्यावा.

खिडकीतले ऊन हा फुकटचा दिवा आहे, असे समजून टाकी खिडकीशी ठेवणाऱ्यांना मी नेहमी परावृत्त करतो. पश्चिमेच्या खिडकीतले मार्च ते मे महिन्यांतले ऊन पाणी हिरवेगार करून टाकते आणि तापवतेही. पंचवीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तीस अंशाला साडेसात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी आणखी वर जाते आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढू लागतात. त्या दिवसांत दिव्याचे तास कमी करावेत, दिवा दुपारऐवजी रात्री आठच्या सुमारास लावावा आणि दिवा व पाणी यांत हवा खेळती ठेवावी. पाणी एकदा हिरवे झालेच तर टाकी काळ्या कापडाने तीन-चार दिवस पूर्ण झाकून हवेचा पंप चालू ठेवणे हा परिणामकारक उपाय आहे, परंतु ऊन आणि तास तेच राहिले तर हिरवेपणा परत येणार हे धरून चालावे.

दिव्याची निगा म्हणजे मुख्यतः त्याच्या आणि पाण्याच्या मधल्या काचेची निगा. बोअरचे पाणी असलेल्या घरांत झाकणाच्या काचेवर तुषार उडून वाळतात आणि पांढऱ्या क्षारांचा थर साचत जातो. तो इतक्या हळूहळू वाढतो की रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. काच काढून उजेडाकडे धरली की तिच्यातून पलीकडचे धड दिसत नाही, तेव्हा आपण किती प्रकाश गमावत होतो हे कळते. दर आठवड्याच्या पाणीबदलाच्या वेळी ही काच पुसावी. थर बसलाच असेल तर ती टाकीपासून दूर नेऊन व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने भिजवावी, क्षार सुटले की साध्या पाण्याने स्वच्छ धुवावी. साबण लावू नये. दिव्याची स्वतःची भिंगे बहुधा अॅक्रिलिकची असतात. ती मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसावीत, घासणी किंवा स्पिरिट वापरू नये. दिव्याच्या पाठीवरच्या अॅल्युमिनिअमच्या पट्ट्यांवर धूळ बसू देऊ नये, कारण एलईडीची उष्णता त्याच मार्गाने बाहेर जाते आणि तापलेला एलईडी लवकर मंदावतो. खोक्यावर पन्नास हजार तासांचे आयुष्य लिहिलेले असते. रोज आठ तासांच्या हिशेबाने ती सतरा वर्षे होतात, आणि तेथेही अर्थ प्रकाश मूळच्या सत्तर टक्क्यांवर येईपर्यंत असाच घ्यायचा असतो. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारे सर्किट) जळतो किंवा दमट हवेने आतली जोडणी गंजते. म्हणून ड्रायव्हर वेगळा, बदलता येण्याजोगा असलेला दिवा घ्यावा.

काच स्वच्छ केल्यावर किंवा नवा दिवा बसवल्यावर प्रकाश एकदम वाढतो, हेही लक्षात ठेवावे. त्या आठवड्यात तास दीड-दोनने कमी करून पुढे हळूहळू पूर्ववत करावेत.

विजेविषयी थोडक्यात पण आग्रहाने सांगतो. टाकीत हात घालण्यापूर्वी दिवा, पंप आणि हीटर यांचे प्लग काढावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही. दिव्याची वायर प्लगपर्यंत नेताना प्लगच्या पातळीखाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, प्लगमध्ये शिरत नाही. शक्यतो बारा किंवा चोवीस व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालणारा दिवा घ्यावा आणि अॅडॅप्टर टाकीच्या झाकणावर ठेवू नये. पाण्यालगत बसणाऱ्या दिव्यावर किमान आयपी ६७ ही खूण असावी; तिचा अर्थ धूळबंद आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी न शिरणारा. घरात तीस मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ) नसेल तर टाकी आणण्यापूर्वी ती बसवून घ्यावी. ज्या घरात लहान मुले टाकीशी खेळतात, तेथे हा खर्च टाळू नये.

जुन्या टाक्यांवर अजून टी-आठ आणि टी-पाच या जाडीच्या फ्लुरोसंट ट्यूब चालू आहेत. त्या विझेपर्यंत वापरल्या जातात, पण आतला फॉस्फर साधारण वर्षभरात उतरतो आणि वनस्पतींना मिळणारा प्रकाश, डोळ्याला फरक न जाणवता, घटत जातो. या ट्यूबमध्ये पारा असतो. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधील बैठकीत नळीच्या फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन व व्यापार २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले असल्यामुळे पुढील काळात या ट्यूब मोठ्या संख्येने घराबाहेर पडतील. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्याव्यात, आणि फुटल्यास खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून उत्पादकांना आणि आयातदारांना माझी विनंती आहे, की मत्स्यालयाच्या दिव्याच्या खोक्यावर तीस आणि पंचेचाळीस सेंटीमीटर खोलीवरचा, मध्यभागी आणि कडेला मिळणारा पारचा आकडा छापावा. परदेशांतील काही उत्पादक तो देतात, म्हणजे ते अशक्य नाही. दुकानदारांना विनंती अशी, की ग्राहकाला दिवा दाखवण्यापूर्वी ‘टाकीची उंची किती, झाडे कोणती, सिलिंडर आहे का’ हे तीन प्रश्न विचारावेत आणि दिव्यासोबत टायमर घ्यायला सांगावे. मत्स्यव्यवसाय विभाग आणि कृषी विज्ञान केंद्रे शोभिवंत माशांच्या संवर्धनाची जी प्रशिक्षणे घेतात, त्यांत पाणवनस्पती आणि प्रकाश यांसाठी अर्धा दिवस राखून ठेवला, तर कोकणात पाणवनस्पतींची रोपवाटिका काढू पाहणाऱ्या तरुणांनाही त्याचा उपयोग होईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे